पाणी दारातून आलंच नाही : बडोद्यातल्या एका मैलापाणी केंद्राची वीज उंचावताना

पॅनल रूमच्या, म्हणजे केंद्राची सगळी वीज जिथून वाटली जाते त्या खोलीच्या, दाराशी वाळूची पोती अगदी व्यवस्थित रचलेली होती. तीन थर, मध्ये प्लास्टिकचा कागद, एकही पोतं हललेलं नाही. आत मात्र भिंतीवर दोन फुटांची गाळाची रेघ, पॅनलचे खालचे सगळे कप्पे चिखलाने भरलेले आणि जमिनीतल्या केबलच्या चरीची लोखंडी झाकणं आपापल्या जागेवरून सरकलेली. वॉचमनला विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, "साहेब, पाणी नीचेथी आव्युं." पाणी खालून आलं. हे प्रकरण समजायला त्याचं ते एक वाक्य पुरेसं होतं. आम्हाला ते पचायला दोन महिने लागले.

ऑगस्ट २०२४ मधला बडोद्याचा पूर आता सगळ्यांना माहीत आहे. धोक्याची पातळी २५ फुटांच्या आसपास असलेली विश्वामित्री ३७ फुटांच्या घरात गेली. पावागडच्या डोंगरातून येणारी ही नदी शहरात शिरली की नागमोडी होते, उतार फारसा उरत नाही, आणि पुढे ढाढरला मिळेपर्यंत तिला घाई अशी नसतेच. त्यामुळे पाऊस थांबला तरी पाणी लगेच उतरत नाही. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हाही हेच केंद्र बंद पडलं होतं. पाच वर्षांत दोनदा. म्हणून मालकांनी ठरवलं की या वेळी नुसती डागडुजी नको, वीजव्यवस्था मुळापासून बदलायची. केंद्र शहराच्या सखल बाजूला आहे, दिवसाला सुमारे १ कोटी लिटर मैलापाणी घेण्याच्या क्षमतेचं. ते कोणाचं हे लिहीत नाही, कारण इथे ज्या चुका येतील त्या त्या एकट्याच्या नाहीत. त्यातल्या दोन तर माझ्याच आहेत.

माझ्याकडे काम आलं ते एका ओळीचं होतं : "पॅनल रूम एक मीटर उंच करून द्या."

त्या रात्री काय झालं

आधी घटनाक्रम लावला. लॉगबुक भिजलं होतं, पण पेन्सिलीने लिहिलेलं होतं म्हणून वाचता आलं. (पेन्सिलीचा आग्रह इथल्या जुन्या फिटरचा. सगळे त्यांना काका म्हणतात. दांडिया बाजारातलं मराठी घर, कोणी बॉलपेन काढला की यांच्या कपाळाला आठी. त्या लॉगबुकानंतर मीही साइटवर पेन्सिल वापरतो.)

वीज कंपनीने परिसरात पाणी चढताना सुरक्षिततेसाठी फिडर, म्हणजे केंद्राला वीज देणारी लाइन, बंद केला. ते बरोबरच होतं. जनरेटर आपोआप सुरू झाला, पंप चालू राहिले. पहाटे डिझेल भरण्यासाठी जनरेटर बंद केला, आणि पुन्हा सुरू करायला गेले तर सेल्फ लागेना. जनरेटर चांगल्या उंच जोत्यावर होता, त्याला पाणी शिवलंही नव्हतं. पण त्याच्या बॅटऱ्या खाली फरशीवरच्या लाकडी पाटावर. २५० केव्हीएचं यंत्र दोन बॅटऱ्यांपायी मुकं झालं.

पंप थांबले. पण शहरातून येणारं मैलापाणी थोडंच थांबतं? येणारा मुख्य पाइप बंद करण्याचा गेट विजेवर चालणारा, वीज नाही. हाताने फिरवायचं चाक होतं, पण कित्येक वर्षांत कोणी फिरवलं नव्हतं, ते जाम. मैलापाणी जमा होणाऱ्या विहिरीतली पातळी चढत चढत पंपहाउसच्या फरशीवर आली, खालच्या कोरड्या खड्ड्यातले पंप बुडाले आणि तिथून केबलच्या चरीने पाणी थेट पॅनल रूममध्ये निघालं. नदीचं पाणी आवारात त्या जोत्यापर्यंत पोचायच्या आधी. वाळूची पोती ज्या शत्रूसाठी रचली तो अजून फाटकाशीच होता.

असं घडणारं हे पहिलं केंद्र नव्हे. अमेरिकेत सिएटलच्या वेस्ट पॉइंट केंद्रात ९ फेब्रुवारी २०१७ ला वादळी पावसात विजेचा एक भाग गेला आणि शुद्ध पाणी बाहेर टाकणारे पंप थांबले. पाणी फार चढलं तर पाणी आत घेणारे पंप बंद करायला तरंगणारे फ्लोट स्विच होते, तेही चालले नाहीत. केंद्र आतूनच भरलं, भूमिगत बोगद्यांतली विजेची यंत्रसामग्री बुडाली, २० कोटी गॅलनहून जास्त पावसाचं आणि मैल्याचं मिश्रण समुद्राच्या खाडीत सोडावं लागलं आणि घडी बसायला काही महिने गेले. तिथे कुठलीही नदी भिंत ओलांडून आत आली नव्हती. पूरप्रवण केंद्रात वीज जाणं हे पुराचं कारणही असतं. आपण त्याला कायम परिणामाच्या रकान्यात टाकतो.

तीन नकाशे, तीन शून्यं

उंची ठरवायची तर कशापासून? आमच्याकडे तीन कागद होते. बांधकामाचा नकाशा, ज्यात ऑफिसचं जोतं म्हणजे शून्य. सर्वेक्षणाचा नकाशा, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. आणि नदीच्या पातळीचे आकडे, फुटांमध्ये, पुलावरच्या पट्टीच्या स्वतःच्या शून्यापासून. पहिल्या बैठकीत एक जण नदीचे ३७ फूट थेट आमच्या आवाराला लावून मोकळा झाला. त्या हिशोबाने पॅनल पिंपळाच्या शेंड्यावर ठेवावं लागलं असतं.

शेवटी कागद बाजूला ठेवले आणि ऑटो लेव्हल घेऊन आवारभर भिंतींवरच्या गाळाच्या रेघा मोजल्या. त्या रेघा खोटं बोलत नाहीत, फक्त रंगकाम होण्याआधी मोजायला हव्यात. आवाराच्या सर्वसाधारण जमिनीपासून पुराची रेघ १.२ मीटर, पॅनल रूमचं जोतं ०.६ मीटर. म्हणजे सुचवल्याप्रमाणे एक मीटर उचललं असतं तर पाणी आणि पॅनल यांच्यात ४० सेंटिमीटर उरले असते. २०२४ सारखाच पूर आला तर वाचलो, थोडा मोठा आला तर पुन्हा तेच.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांसाठीच्या टीआर-१६ या मार्गदर्शिकेत २०१६ च्या सुधारणेत महत्त्वाच्या यंत्रांसाठी १०० वर्षांच्या पुराच्या वर ३ फूट असा निकष आहे. त्याला पार्श्वभूमी २०१२ च्या सँडी वादळाची. त्यात न्यूयॉर्क शहराच्या १४ पैकी १० मैलापाणी केंद्रांना आणि ९६ पैकी ४२ पंपिंग स्टेशनांना फटका बसला होता. "१०० वर्षांचा पूर" या शब्दांनी मात्र लोक फसतात. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. पॅनलचं आयुष्य ३० वर्षं धरलं तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. २५ वर्षांच्या पुरासाठी हाच हिशोब ७० टक्क्यांच्या वर जातो. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर बैठकीतली कुजबुज थांबली.

आम्ही २०२४ ची रेघ अधिक ०.९ मीटर धरलं. पॅनल रूमची नवी फरशी जमिनीपासून २.१ मीटरवर. म्हणजे खांबांवरची खोली, खाली मोकळं, लोखंडी जिना.

सगळ्यात खालचं जिवंत टर्मिनल

माझी पहिली चूक इथली. नवी खोली, नवा ट्रान्सफॉर्मर, नवा जनरेटर असा आराखडा मी करून टाकला आणि समाधानात होतो. काकांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "आणि साहेब, ब्रीदर?"

तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला वरच्या टाकीतून खाली लोंबणारी एक नळी असते, तिच्या टोकाला सिलिका जेलचं भांडं. ट्रान्सफॉर्मर तापला की तेल फुगतं, हवा बाहेर जाते. थंड झाला की हवा आत ओढली जाते, जेल तिच्यातला ओलावा टिपतं. आता हे भांडं पाण्याखाली गेलं आणि त्याच वेळी वीज गेल्यामुळे ट्रान्सफॉर्मर थंड होऊ लागला, तर तो श्वास कसला घेईल? पाण्याचा. बाहेरून टाकी कोरडी ठणठणीत आणि आत तेलात पाणी. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची चाचणी केली तेव्हा ते ३० किलोव्होल्टच्या किमान मर्यादेच्या बरंच खाली फुटलं. त्याच ट्रान्सफॉर्मरची एलटी (कमी दाबाच्या) बाजूची केबल बॉक्सही अशीच खाली लोंबत होती.

मग आम्ही वेगळी यादी केली. यंत्रांच्या नावांची नाही, प्रत्येक यंत्राच्या सगळ्यात खालच्या जिवंत टर्मिनलच्या उंचीची. दोन दिवस टेप आणि टॉर्च घेऊन मी आणि काका फिरलो. कॅपॅसिटर पॅनलच्या तळाशी, कारण जड वस्तू खाली ठेवायची सवय. जनरेटरच्या बॅटऱ्या फरशीवर. क्लोरीनच्या खोलीतला सॉकेट गुडघ्याच्या उंचीवर. पातळी मोजणाऱ्या यंत्राचा जंक्शन बॉक्स विहिरीच्या कठड्याच्या आत, म्हणजे ज्या पाण्याची खबर द्यायची त्याच पाण्यात तो पहिला बुडणार. आवारातल्या दिव्यांच्या खांबांचे जोडडबे जमिनीपासून फूटभर. हे शेवटचं सगळ्यात घातक होतं, कारण पुरात माणसं त्याच पाण्यातून चालतात.

यादी ६१ नोंदींची झाली. ट्रान्सफॉर्मर तीत सतराव्या क्रमांकावर होता.

एक गोष्ट यादीतही पकडता येत नाही. केबलचं टोक पाण्यात बुडलं की पाणी तारांच्या पेडांमधून दिव्याच्या वातीसारखं चढतं. पॅनल उंचावर कोरडं आणि केबलच्या पोटात पाणी. काही जुन्या केबलींचं टोक कापलं तर आतून मातकट पाणी ठिबकलं. मीटर-दोन मीटर कापून मेगरने इन्सुलेशन तपासत गेलो, ज्या सुधारल्या त्या ठेवल्या, बाकीच्या भंगारात. बुडालेल्या ब्रेकर आणि कॉन्टॅक्टरच्या बाबतीत तर वाद घालूच नये. ते धुऊन, वाळवून वरवर चालतात आणि ऐन शॉर्टसर्किटच्या वेळी दगा देतात. मोटर धुऊन, भाजून, वार्निश करून वाचवता येते, मोल्डेड केस ब्रेकर नाही. स्टोअरमध्ये "अजून चांगले आहेत" म्हणून वाळत घातलेले आठ ब्रेकर मी हातोड्याने फोडून घेतले. स्टोअरकीपरने माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

काय केलं, काय नाही

आवाराभोवती पूरभिंत बांधण्याचा प्रस्ताव होता. तो सोडला. भिंत नदीला अडवते, आतून येणाऱ्याला आतच कोंडते. शिवाय नदी चढली की शुद्ध पाणी बाहेर नेणारा पाइप उलटा वाहू लागतो. तिथे उलट झडप आणि बाहेर उपसणारे पंप लागणारच होते. ते घेतले, त्यांची वीजही उंचीवरून दिली. भिंतीचे पैसे तिकडे वळवले.

दुसरा फिडर घ्यावा असंही एक मत होतं. चौकशीत कळलं की तोही त्याच सबस्टेशनवरून निघतो. पुरात दोन्ही एकदमच बंद होणार, मग त्या खर्चात राम नव्हता. त्याऐवजी दुसरा जनरेटर घेतला, जुन्याइतकाच, शेजारी पण वेगळ्या चौथऱ्यावर. प्रत्येकाच्या बॅटऱ्या, चार्जर, डिझेलचा पंप सगळं २.१ मीटरच्या वर.

डिझेलचा हिशोब थोडा सांगतो, कारण पुरात खरं घोडं तिथेच पेंड खातं. पूर्ण केंद्राचा भार अडीचशे किलोवॉटच्या आसपास. पण पुराच्या दिवसांत सगळं चालवायची गरज नाही. आत येणारं पाणी उचलणारे दोन पंप, बाहेर टाकणारे पंप, निर्जंतुकीकरण, दिवे आणि मैला खाणाऱ्या जिवाणूंना हवा देणारा एक ब्लोअर आलटून पालटून. जिवाणू हवेशिवाय काही तास तग धरतात, नंतर सडू लागतात आणि केंद्र पुन्हा लयीत यायला काही आठवडे जातात. हा कमीत कमी भार सुमारे १५० किलोवॉट. युनिटमागे पाव लिटरहून थोडं जास्त डिझेल धरलं की तासाला ४० लिटर. ९९० लिटरची एक टाकी एक दिवस पुरते. ९९० हा आकडा कुठून आला हे नव्या इंजिनिअरांना विचारलं तर सांगता येत नाही. पेट्रोलियमच्या नियमांत परवान्याशिवाय डिझेल ठेवायचं तर एकेका टाकीत १,००० लिटरपेक्षा जास्त नको आणि एकूण २,५०० लिटरच्या आत हवं. म्हणून ९९० च्या दोन टाक्या, दोन दिवस. बडोद्यात पाणी तीन दिवस राहिलं होतं. तिसऱ्या दिवसासाठी ट्रॅक्टरवरून डिझेल आणण्याची व्यवस्था आणि फाटकाबाहेरच्या उंच रस्त्यालगत भरण्याचा पाइप, असा मार्ग काढला. दोन्ही टाक्या बोल्टने जखडल्या, कारण रिकामी टाकी पाण्यात गेली तर टनभर जोराने वर उचलली जाते, आणि हवेच्या नळ्या पुराच्या रेघेच्या बऱ्याच वर नेल्या.

कोरड्या खड्ड्यातले पंप बदलून तिथे पाण्यात बुडूनही चालणारे, आयपी ६८ मोटरचे पंप बसवले. गेटचं चाक वाढीव दांड्याने वरच्या मजल्यावर आणलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते हाताने पूर्ण फिरवायचं, लॉगबुकात नोंद, पेन्सिलीने.

दुसरी चूक उष्णतेची, आणि तीही माझी. नवी खोली पाण्यापासून वाचवण्याच्या नादात मी ती डब्यासारखी बंद केली होती, वर पत्र्याचं छप्पर. एप्रिलअखेर दुपारी व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणं, एकेक करून ट्रिप होऊ लागले. बहुतेक व्हीएफडी ४० अंशांपर्यंत पूर्ण भार घेतात, पुढे क्षमता उतरत जाते, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली कुठे जाते ते इथल्या कोणालाही विचारा. खोली पुराच्या रेघेच्या वर होती, तिला हवाबंद करण्याचं कारणच नव्हतं. जाळ्या कापल्या, पत्र्याखाली उष्णतारोधक थर घातला, एक्झॉस्ट बसवले.

चालू केंद्रात बदल

मैलापाणी सुटी घेत नाही, त्यामुळे डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत एकेक पंप जुन्या पॅनलवरून काढून नव्यावर नेला. आधी चर साफ करायच्या होत्या. विश्वामित्रीच्या मगरी पुरात कुठेही जाऊन बसतात हे बडोदेकराला सांगायला नको. प्रत्येक झाकण उघडण्याआधी बांबूने ठोकायचं असा नियम काकांनी घालून दिला. मगर नाही, पण दोन धामणी आणि कोणाची तरी एक चप्पल निघाली.

तात्पुरत्या जोडणीच्या एका रात्री दुसरा पंप नव्या पॅनलवर चालू केला. ॲम्पिअर ठीक, आवाज ठीक, तरी विहीर रिकामी होईना. तीन तास आम्ही झडपा तपासत बसलो. शेवटी काकांनी डिस्चार्ज पाइपवर हात ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "उलटा फिरतोय." दोन फेज अदलाबदल झाले होते. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, म्हणून लगेच कळत नाही. मी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलो, फेजचा क्रम दाखवणारा सीक्वेन्स मीटर माझ्या बॅगेत होता, बॅग गाडीत होती. त्यानंतर प्रत्येक जोडणीच्या कागदावर सीक्वेन्सचा रकाना आला.

इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरांच्या तपासणीत फार काही निघालं नाही. अर्थिंगचे दोन खड्डे जोडायचे राहिले होते, ते जोडले. त्यांना आवडली ती भिंतीवरची पट्टी. पाणी पिवळ्या रेघेला आलं की आवारातले दिवे आणि खालचे सॉकेट बंद, नारिंगीला आलं की खालच्या मजल्याचा सगळा फिडर बंद आणि कोणीही पाण्यात उतरायचं नाही, लालला आलं की माणसं वरच्या खोलीत. कोणाला विचारायचं नाही, फोनची वाट पाहायची नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चाचणी घेतली. पंपहाउस आणि नव्या खोलीमधली जुनी चर केबलींच्या भोवती अग्निरोधक आणि जलरोधक सीलने बंद केली होती. चर शुद्ध केलेल्या पाण्याने काठोकाठ भरली आणि चार तास तशीच ठेवली. केबलींचे सगळे सील कोरडे. मी खूश होऊन चहा सांगितला. काका खालच्या खोबणीत टॉर्च मारत राहिले, मग त्यांनी मला बोलावलं.

भिंतीतून पाण्याची एक बारीक धार येत होती. केबलींच्या शेजारी भविष्यासाठी म्हणून टाकलेला चार इंची पाइप. त्यात केबल नव्हती, म्हणून तो ना केबलच्या यादीत आला ना सीलच्या. ६१ नोंदींपैकी एकातही नाही, कारण त्यात जिवंत असं काही नव्हतंच. काकांनी खिशातून चिंधी काढून तात्पुरती कोंबली. दुसऱ्या दिवशी रबराचा फुगणारा बूच बसवून चर पुन्हा भरली. मग यादी पुन्हा हातात घेऊन आम्ही रिकामे पाइप मोजायला निघालो. अकरा निघाले.